पालक नव्हे, आई

मावळातील आंबीसारख्या गावात 'दत्तक' हा शब्द उच्चारला की जुन्या पिढीला अजूनही आधी आठवतो तो सातबाराचा उतारा. भाऊबंदांपैकी एखाद्याचा मुलगा मांडीवर घ्यावयाचा, तो वंश चालावा, जमीन घरात राहावी आणि मागे पाणी द्यावयास कोणी असावे म्हणून. मोठ्यांची गरज भागविणे हा त्या विधीचा हेतू होता. पोरक्या मुलाला आई मिळावी, हा नव्हे. आज आंबीच्या परिसरात कारखाने आणि महाविद्यालये उभी राहिली आहेत. परंतु शब्दाला चिकटलेला जुना अर्थ पुरता सुटलेला नाही.

याच भागातील माणूस तळेगावहून लोकलने पुणे स्थानकावर उतरला, तर ससून रुग्णालय त्याला चालण्याच्या अंतरावर आहे. तेथील 'श्रीवत्स' या संस्थेत दत्तकाचा अर्थ उलटा होतो. तेथे घराण्यासाठी मूल शोधले जात नाही. मुलासाठी घर शोधले जाते. १३ ऑगस्ट १९७९ रोजी पुण्यात जन्मलेली एक मुलगी तीन आठवड्यांची असताना येथूनच हरेन व स्यू स्थळेकर या दाम्पत्याच्या घरी गेली. हरेन मूळचे मुंबईचे, तर स्यू इंग्लंडच्या. त्यांची थोरली मुलगीही भारतातूनच दत्तक घेतलेली होती. धाकटी लिसा पुढे ऑस्ट्रेलियाकडून खेळली आणि महिलांच्या एकदिवसीय क्रिकेटमध्ये हजार धावा व शंभर बळी हा दुहेरी पल्ला तिने सर्वांआधी गाठला. वृत्तपत्रांनी या कथेतील विश्वचषकाचा भाग आवडीने रंगविला. स्यू स्थळेकर मात्र २००२ मध्येच निवर्तल्या. २००५ चा विश्वचषक कन्येच्या हाती आलेला त्यांनी पाहिला नाही. परक्या देशात जन्मलेले तान्हे मूल उराशी धरून देशोदेशी संसार थाटणारी ही आई मथळ्यांत क्वचितच दिसते.

कायद्यालाही ती दीर्घकाळ दिसली नव्हती. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने मुलगी दत्तक घेण्याची वाट मोकळी केली, हे मोठेच पाऊल होते. परंतु विवाहित स्त्रीला स्वतः दत्तक घेण्याचा अधिकार त्याने दिला नाही. दत्तक घ्यावयाचे पतीने. पत्नीने संमती तेवढी द्यावयाची. हे बदलावयास २०१० साल उजाडावे लागले. परदेशी दाम्पत्याला तर हा कायदा लागूच नव्हता. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली न्यायालय त्यांना केवळ पालकत्व देई. दत्तकाचा हुकूम त्यांनी मायदेशी मिळवावयाचा. म्हणजे मूल कडेवर घेऊन विमानात बसणारी स्त्री भारतीय कायद्याच्या लेखी आई नव्हतीच. ती पालक होती.

घरात मात्र तिला पहिल्या रात्रीपासून आईच व्हावे लागे. पाचवी नाही, बारसे नाही, बाळंतपणाला माहेर नाही. एका खोलीत अनेक पाळण्यांच्या गलबल्यात झोपणाऱ्या मुलाला नव्या घरातील शांतताच भिववते. मूल चार-पाच वर्षांचे असेल, तर प्रश्न अधिक बिकट. त्याला मराठी येते, आईला येत नाही. पोटात दुखते हे त्याने सांगावे कसे आणि तिने ओळखावे कसे? वरणभाताची सवय असलेले मूल पावाचा तुकडा उशीखाली लपवून ठेवते. ज्या ताईने त्याला भरविले, तिच्या नावाने ते रडते आणि नवी आई दाराशी उभी राहून ते रडणे ऐकते. हा आपला अपमान नव्हे, ही त्या मुलाच्या प्रेमक्षमतेची खूण आहे, हे उमगावयास पुष्कळ रात्री जाव्या लागतात.

या आईकडून शासन किती कागद मागते! कमाईचा पुरावा, प्रकृतीचा दाखला, समाजसेविकेने घरी येऊन केलेला अहवाल. पोटच्या मुलाच्या आईला असा दाखला कोणी मागत नाही. तरीही हा संशय अनाठायी नाही. मुलांच्या परदेशी पाठवणीतील गैरप्रकारांची तक्रार वकील लक्ष्मीकांत पांडे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्राने कळविली. त्यावर न्यायमूर्ती भगवती यांनी ६ फेब्रुवारी १९८४ रोजी दिलेल्या निकालाने प्रथमच शिस्त घातली. १९९० मध्ये केंद्रीय दत्तक यंत्रणा आली. २००३ मध्ये भारताने हेग करारास मान्यता दिली. त्यानंतरही पुण्यातील एका संस्थेच्या व्यवहारांची केंद्रीय अन्वेषण विभागाला चौकशी करावी लागली. जन्मदात्या आईने मूल संस्थेच्या हवाली केल्यावर फेरविचारासाठी तिला आता साठ दिवस मिळतात. ही मुदत नव्या आईची प्रतीक्षा लांबविते. पण जन्मदात्रीची संमती खरी नसेल, तर उद्या मोठे झालेले मूल 'मी येथे कशी आले?' असे विचारील, तेव्हा नव्या आईपाशीही उत्तर नसेल.

आणि परदेशी जाणारी ही मुले असतात तरी कोण? २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार भारतीय वा अनिवासी भारतीय कुटुंबात ठरावीक मुदतीत घर न मिळालेले मूलच परदेशी दत्तकासाठी मोकळे होते. त्यातही अग्रक्रम अपंग मुलांना, भावंडांना आणि पाच वर्षांवरील मुलांना. इकडे देशात हजारो दाम्पत्ये वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत आहेत. त्यांतील बहुतेकांना हवे असते ते लहानगे, निरोगी मूल. ते मागणे समजण्यासारखे आहे. परंतु आपण ज्याला नाकारले, त्या मुलासाठी कोणी परक्या मुलखातून येते आणि 'दुखते का?' एवढे दोन शब्द मराठीत शिकून घेते, तेव्हा तिच्या कागदपत्रांइतकीच आपल्या मनाचीही तपासणी व्हावयास हवी. काशीबाई नावाच्या विधवेच्या, १८७४ मध्ये जन्मलेल्या यशवंताला जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी याच पुण्यात पोटाशी धरले, तेव्हा त्यांनी मुलाचे कुळ विचारले नव्हते.