काठीने ढकलला की फिरतो तो पंखा

मैत्रिणींनो, बटण दाबलं की छताचा पंखा नुसता घूं घूं करतो आणि काठीने पातं ढकललं की फिरतो, असं किती घरांत चालतं! आमच्या गटातल्या एकीला मिस्तरीने ‘वाइंडिंग जळालं’ सांगितलं. गेला होता फक्त कंडेन्सर. जुन्यावर आकडा असतो, बहुतेकदा २.५ मायक्रोफॅरड, नवा तेवढ्याचाच घ्यायचा.

बदलताना नुसतं बटण बंद करून भागत नाही. आम्ही पाहिलंय, घाईच्या फिटिंगमध्ये बटण न्यूट्रलवर जोडलेलं असतं. पंखा थांबतो, पण आत करंट राहतोच. म्हणून आधी मेन स्विच पाडा. कंडेन्सरमध्येही करंट साठून राहतो, त्याच्या उघड्या तारांना हात नको.

हाताने फिरवताना पंखा जड लागला तर बेअरिंग बघायचं. जळका वास आला तर मात्र मिस्तरीच बोलवा.