मोजून विणलेले मोजे

छत्तीस टाके. तान्ह्या बाळाचा पायमोजा बहुधा इथूनच सुरू होतो. बारीक लोकर, अकरा किंवा बारा नंबरच्या दोन सुया आणि ३६ टाके. घोट्याची पट्टी एक सुलट, एक उलट अशी वर चढत जाते, म्हणजे ती ताणते आणि पुन्हा आपल्या जागी येते. मग एक जाळीदार ओळ घालायची: धागा पुढे घ्यायचा, दोन टाके एकत्र विणायचे, पुन्हा धागा पुढे. त्या छिद्रांतून नंतर नाडी ओवली जाते. इथवर सारे सोपे असते. आता ३६ चे तीन सारखे भाग करायचे. दोन्ही कडांचे १२-१२ टाके तसेच थांबवायचे आणि मधल्या १२ टाक्यांवर १६ ओळी विणायच्या. हा झाला पावलाचा वरचा भाग, जिभेसारखा पुढे आलेला. दोन ओळींची एक वळी दिसते, म्हणून १६ ओळींच्या वळ्या भरतात आठ. त्या वळ्यांच्या कडेने एका बाजूला आठ आणि दुसऱ्या बाजूला आठ टाके उचलायचे. १२, ८, १२, ८, १२. सुईवर आता ५२ टाके आले आणि सपाट पट्टीला अचानक पाऊल फुटले.

मोजा हा शब्द फारसीतून आला. मोजणे या क्रियापदाशी त्याचे नाते नाही, पण विणणाऱ्या बाईला ते कुणी पटवून देऊ शकणार नाही. तिच्या ओठांवर सतत आकडे असतात. मध्येच कुणी हाक मारली तर ती उत्तर देत नाही, मान हलवते आणि ओळ संपली की मगच बोलते. घरातल्या पोरांना ही सवय ठाऊक असते.

भंडारा जिल्ह्यात लोकरीचे मोजे कशाला, असे मुंबई-पुण्याकडच्या माणसाला वाटेल. विदर्भाचा उन्हाळा सगळ्यांना माहीत आहे, थंडी फारशी नाही. वैनगंगेच्या या खोऱ्यात धानाची कापणी उरकली की उघड्या बांध्यांवरून रात्री गार वारा सुटतो आणि डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरतो. त्याच दिवसांत झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या पट्ट्यात, मंडया (गावजत्रा) भरतात आणि रात्रभर चालणारी नाटके होतात. शामियान्यात पहाटेपर्यंत बसलेला प्रेक्षक मफलर, कानटोपी, शाल असा गुरफटलेला असतो. त्या थंडीत जन्मलेल्या बाळाला झबले पुरत नाही.

धाग्याची विद्या या जिल्ह्याला नवी नाही. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या अळ्यांचा कोसा इथला जुना धागा. मोहाडी तालुक्यातले आंधळगाव कोशाच्या कापडासाठी ओळखले जाते. विदर्भातल्या करवतकाठी साडीला तर भौगोलिक मानांकनही आहे. काठावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी, म्हणून ते नाव. पण ते माग, ताणा-बाणा आणि बाजार यांचे काम. त्यात घरातले सगळे राबतात आणि त्यावर पोट चालते. दोन सुयांचे विणकाम याच्या अगदी उलट बाजूला आहे. त्याला माग लागत नाही, जागा लागत नाही; पिशवीत मावते आणि बसमध्येही होते. कापडात शेकडो धागे एकमेकांना छेदतात, मोज्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच धागा असतो. शिवाय हे काम विकण्यासाठी नसतेच.

हिमाचलातल्या लाहौलच्या विणलेल्या मोज्यांना आणि हातमोज्यांनाही भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तिथे बर्फ आहे, मेंढ्या आहेत, पिढ्यान्‌पिढ्यांच्या नक्ष्या आहेत. महाराष्ट्रातही मेंढी आहे, पण दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि केसाळ. तिच्यातून धनगरांचे आणि सनगरांचे घोंगडे होते; पाऊस आणि काटे सोसायला त्याच्यासारखे दुसरे काही नाही. तान्ह्याच्या कातडीला मात्र ती टोचते. त्यामुळे मराठी घरात जी लोकर विणली गेली ती बहुतेक बाहेरून आली, लुधियानाहून. वर्धमान, ओसवाल ही नावे दुकानदारापेक्षा गिऱ्हाइकाच्या तोंडी जास्त असतात. आज त्या गुंड्यांतला बराचसा धागा अॅक्रिलिकचा असतो, तरी घरोघरी त्याला लोकरच म्हणतात. सुयांवर ‘पोनी’ हे नाव दिसते. त्या येतात निलगिरीच्या डोंगरातून, उटीजवळच्या केट्टीमधून. म्हणजे पंजाबचा धागा, तमिळनाडूची सुई आणि भंडाऱ्यातल्या लाखनी-साकोलीच्या ओसरीवर बसलेले हात.

हे काम आपल्याकडे तसे उशिरा आले. इजिप्तमध्ये ऑक्सिरिंकस इथल्या उत्खननात सापडलेले लाल लोकरीचे पायमोजे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. ते इसवी सनाच्या तिसऱ्या ते पाचव्या शतकातले. विणले आहेत एकाच सुईने, आणि त्यांचा अंगठा वेगळा आहे, कारण ते पट्ट्याच्या चपलेत घालायचे होते. आपल्याकडच्या बायका थंडीत चपलेवर अंगठ्याचे मोजे घालतात, त्याची ही सोळाशे वर्षांपूर्वीची भावंडे. इंग्लंडमध्ये विल्यम ली याने १५८९ मध्ये मोजे विणायचे यंत्र बनवले. भारतात दोन सुयांचे विणकाम मिशनरी बायकांनी आणि मुलींच्या शाळांनी पसरवले. शिवण, भरतकाम, विणकाम अशी ती त्रयी मग शाळेतून घरात आली आणि घरातून शेजारी गेली. पुढे मासिकांनी विणकामाची पाने छापली. ती कापून वहीत चिकटवलेली असत आणि वही लग्नानंतर सासरी जाई. १९६२ मध्ये चीनशी युद्ध पेटले तेव्हा देशभरच्या घरांत जवानांसाठी स्वेटर, पायमोजे, हातमोजे विणले गेले. कधी न पाहिलेल्या पायासाठी विणायचे ही सवय मात्र बायकांना आधीपासून होती. बाळाचे मोजे तरी कुठे पाय पाहून विणलेले असतात?

बाळाचा मोजा दोन सुयांवर होतो आणि मागून शिवला जातो. मोठ्या माणसाचा मोजा ज्यांना शिवणीशिवाय हवा त्या चार किंवा पाच सुया घेतात, दोन्ही टोकांना टोकदार असलेल्या. टाके तीन किंवा चार सुयांवर वाटून गोल-गोल विणत जायचे. गोल विणताना समोर नेहमी सुलट बाजूच असते, त्यामुळे उलट टाका लागत नाही, आणि इथवर येणाऱ्या पुष्कळजणींना हे पहिल्यांदा कळते तेव्हा मोठा आनंद होतो. बारीक लोकरीच्या मोज्याला ६४ टाके हा नेहमीचा हिशेब. नळी विणून झाली की टाच येते, आणि टाच ही या विद्येची खरी परीक्षा आहे.

पाय सरळ नळीसारखा नसतो, घोट्याशी तो काटकोनात वळतो. नळी कशी वळवायची? यंत्रमागावरचे कापड कापून शिवले असते तर प्रश्न नव्हता. इथे कात्री चालत नाही. म्हणून ६४ पैकी निम्मे ३२ टाके बाजूला थांबवायचे आणि उरलेल्या ३२ वर ३२ ओळींची एक चौकोनी पट्टी विणायची, प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता नुसता उचलायचा. त्याने कडेला १६ ठसठशीत कड्या तयार होतात. मग वळण. ओळ सुरू करायची, मध्य ओलांडून दोन टाके पुढे जायचे, दोन टाके एकत्र विणायचे, एक विणायचा, आणि ओळ अर्धवट सोडून काम उलटायचे. पलीकडून पाच टाके, पुन्हा दोन एकत्र, एक, पुन्हा उलटायचे. दर खेपेला एक टाका पुढे. पहिल्यांदा करणारीला वाटते की आपण चुकलो, कारण अर्ध्या ओळीवरून परतणे आजवर चूकच होती. पण सात-आठ खेपांनंतर सपाट पट्टीच्या तळाशी एक वाटी उमटू लागते. शेवटी १८ टाके उरतात आणि ती वाटी टाचेवर नेमकी बसते.

पुढचा हिशेब कागदावर मांडून पाहावा असा आहे. वाटीचे १८, दोन्ही कडांचे १६ आणि १६, थांबवलेले ३२: एकूण ८२. आपल्याला परत ६४ हवेत, म्हणजे १८ जास्त. एका फेरीआड दोन टाके कमी करायचे, असे नऊ वेळा. पावलाची कमान आपोआप निमुळती होते. ज्या बाईने शाळेत गणिताची धास्ती घेतली तीही हा हिशेब तोंडी करते, आठ वर्षांच्या नातवासाठी ५२ टाक्यांवर आणि आजोबांच्या सुजणाऱ्या पायासाठी ७२ वर. याला भूमिती म्हणायचे कुणाच्या मनात येत नाही. यायला हवे.

बोटांपाशी टाके समोरासमोर आणून शिवणसुईने असे जोडतात की जोड हाताला लागत नाही. त्या जोडाला किचनरचे नाव चिकटले आहे. तोच लॉर्ड किचनर, जो १९०२ ते १९०९ हिंदुस्थानचा सरसेनापती होता. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या सैनिकांसाठी लाखो मोजे विणले गेले आणि बोटांवरची शिवण तेव्हा जखम करी; हा सपाट जोड त्यावरचा उपाय.

बाळाच्या हातमोज्याला तर अंगठाही नसतो. नुसती छोटी पिशवी, मनगटाशी नाडी. बाळाने नखांनी चेहरा ओरबाडू नये यासाठी. पण इथेच सर्वांत जास्त काळजी लागते: आतल्या बाजूला एकही लोंबता धागा राहता कामा नये. तो बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला गेला तर रक्त थांबते, आणि बाळाला सांगता येत नाही. जाणत्या बाया म्हणूनच मोजा पूर्ण झाल्यावर उलटा करून बोटांनी चाचपतात, दिव्यासमोर धरतात. टोक नुसते गाठून कापत नाहीत. शिवणसुईने मागच्या टाक्यांतून आठ-दहा घरे ओढून जिरवतात. वजनाने कमी भरलेल्या बाळाला आईच्या छातीशी कातडीला कातडी लावून ठेवतात, त्या कांगारू पद्धतीतही बाळाच्या अंगावर जे थोडके ठेवायला सांगतात त्यात टोपडे आणि मोजे असतातच.

पहिलटकरीण माहेरी येते आणि बाळंतविड्याची तयारी सुरू होते. झबली, लंगोट, दुपटी, कुंची, टोपडे, आणि लोकरीचा संच: स्वेटर, टोपी, पायमोजे, हातमोजे. दुकानात हे सगळे मिळते, स्वस्तही मिळते. तरीही आजी, मावशी, आत्या यांपैकी कुणीतरी सातव्या महिन्यापासूनच सुया हातात घेते. मुलगा की मुलगी ठाऊक नसते, म्हणून पिवळी, पांढरी, फिकट हिरवी लोकर. बाराव्या दिवशी बारशाला येणाऱ्या बाया पाळण्याबरोबर मोजेही हातात घेऊन बघतात, उलटून बघतात. पाठ स्वच्छ असेल तर विचारतात, “कोणी विणले, माय?”

लग्नातल्या रुखवतातही हे हात दिसतात: क्रोशाची तोरणे, रुमाल, लोकरीचे आसन. बाल्टिक किनाऱ्यावरच्या लाटव्हियात याचे सख्खे नाते सापडते. तिथल्या मुली लग्नापूर्वी पेटीभर हातमोजे विणत आणि लग्नात सासरच्या माणसांना वाटत. प्रत्येक गावाची नक्षी वेगळी. २००६ मध्ये रीगा इथे नाटोची परिषद भरली तेव्हा आलेल्या पाहुण्यांना हाताने विणलेले हातमोजे भेट दिले गेले. साडेचार हजारांहून अधिक जोड, देशभरच्या बायकांनी विणलेले. राष्ट्राने पाहुण्याला काय द्यावे, याचे इतके घरगुती उत्तर क्वचित कुणी दिले असेल.

भंडाऱ्याच्या लोकरीचा आणखी एक धागा तिबेटपर्यंत जातो. १९७२ मध्ये गोठणगाव परिसरात तिबेटी निर्वासितांची नोर्ग्येलिंग ही वसाहत उभी राहिली. तेव्हा तो भाग भंडारा जिल्ह्यात होता. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि वसाहत तिकडे गेली. तिबेटी कारभाराच्या नोंदीत मात्र नावापुढे अजून भंडाराच लागतो. देशभरच्या तिबेटी कुटुंबांनी हिवाळ्यात स्वेटर विकण्याचा धंदा उभारला, आधी हाताने विणलेले, पुढे लुधियानाचे. त्यांचे बाजार लागले की शहरात थंडी आली असे समजायचे. ढिगात मोज्यांच्या जोड्याही असतात. विणणारी बाई तिथे थांबते, जोड हातात घेते, टाच कशी वळवली आहे ते बघते आणि पैसे देण्यापूर्वी नक्षी डोक्यात उतरवून घेते.

बाळाला मोजे तीन-चार महिने येतात. मग ते धुऊन, डांबरगोळ्या घालून पुढच्या बाळासाठी पेटीत जातात. फाटलेले उसवतात. लोकर खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी करायची, कोमट पाण्यातून काढायची, खाली वजन बांधून वाळत घालायची, म्हणजे धाग्यातली वळणे निघतात. अशी एकच लोकर स्वेटर, मग टोपी, मग मोजे असे तीन जन्म घेते. काही घरांत आजीच्या स्वेटरचा रंग पणतवाच्या पायात सापडतो.

जोडीतला दुसरा मोजा मात्र सर्वांत कठीण. पहिला पूर्ण झाला की कौतुक होऊन जाते, हौस फिटते, आणि तेच ३६ टाके पुन्हा घालायला हात उठत नाही. म्हणून अनुभवी बाया पहिल्याचा शेवटचा धागा जिरवला की उठत नाहीत. त्याच बैठकीत, त्याच गुंड्यातून, दुसऱ्याचे टाके सुईवर चढवतात, पट्टीच्या चार ओळी विणतात, आणि मगच कुकर लावायला जातात.