तुटलाय तो कान, बोर्ड नव्हे!

साइड पॅनल उघडलंत आणि हीटसिंक एका बाजूला लोंबकळताना दिसला? मग क्लिप जिथे अडकते तो प्लॅस्टिकचा कान तुटलाय. असा पीसी चालवू नका. प्रोसेसर तापून आधी स्लो होतो, मग बंदच पडतो. ‘बोर्ड गेला’ असं कुणी म्हणालं तरी नव्या बोर्डासाठी घरी पैसे मागायची घाई नको. एएमडीच्या एएम४ बोर्डांवर हे कान सहसा सुट्या ब्रॅकेटवर असतात. चार स्क्रू काढा, ब्रॅकेट बदला. फक्त मागची प्लेट हाताने धरा, नाहीतर निसटते. फेव्हिक्विकचा जुगाड नकोच, क्लिपचा ताण त्याला झेपत नाही. (झिप-टाय म्हणजे फार तर सबमिशनच्या रात्रीपुरता आधार.) कर्जत-खालापुरात पार्ट मिळाला नाही, तर लोकलने दादर, तिथून ग्रँट रोड. लॅमिंग्टन रोडवर सॉकेटचं नाव सांगून मागा. जुनी थर्मल पेस्ट पुसून नवी लावावी लागते, तिची ट्यूबही तिथेच घ्या.