पर्यावरण: वहीतले आणि वेशीतले

सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर निर्णय देताना पर्यावरण हा शिक्षणातील सक्तीचा विषय करावा, असे सांगितले. बारा वर्षांनी, डिसेंबर २००३ मध्ये, तेच पुन्हा बजावण्याची पाळी न्यायालयावर आली. विषय वेळापत्रकात आला खरा. परंतु तो पुस्तकातच राहिला. प्रदूषणाची व्याख्या बिनचूक लिहिणाऱ्या नववीच्या विद्यार्थ्याला शाळेमागचा नाला कोठे जाऊन नदीला मिळतो, हे बहुधा ठाऊक नसते.

समाजसेवेचीही तीच गत. कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभव व समाजसेवा ही शिक्षणाची अविभाज्य अंगे मानली होती. प्रत्यक्षात जुलैत रोपे लावली जातात, छायाचित्र निघते. मे महिन्यात त्यांतली किती जगली, हे मोजण्यास कोणी जात नाही. मोजमापाविना केलेली सेवा हा उपचार ठरतो आणि हेतूविना केलेले मोजमाप हा कंटाळा ठरतो. दोहोंची सांगड घातली, तरच त्यातून विज्ञान निर्माण होते.

त्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. उभ्या कडांचा डबा आणि एक पट्टी एवढ्यावर पाऊस मोजता येतो. शंभर चौरस मीटर छपरावर शंभर मिलिमीटर पाऊस पडला, तर दहा हजार लिटर पाणी होते. हा हिशेब स्वतः केलेली मुले पन्हळ साफ करून ते पाणी विहिरीकडे वळवतील. दोराला गाठी मारून पावसाळ्यापूर्वी व नंतर विहिरीची पातळी नोंदवतील आणि पुढच्या वर्षीची तुकडी त्या नोंदी पडताळून पाहील. पातळी वाढली नाही, तर का नाही, हा प्रश्नही मग त्यांचाच असेल.

साठ मुलांचा वर्ग, अपुरा वेळ आणि परीक्षेचा धाक या शिक्षकांच्या अडचणी खोट्या नाहीत. तथापि मध्य प्रदेशातील तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली सोळा शाळांतून सुरू झालेल्या विज्ञान-शिक्षण कार्यक्रमाने ग्रामीण माध्यमिक वर्गांतही प्रयोगातून विज्ञान शिकवता येते, हे दाखवून दिले. शिक्षकांना प्रशिक्षण मिळाले, शाळांना साहित्य मिळाले. मुख्य म्हणजे परीक्षाच बदलली. पुस्तक उघडून उत्तरे लिहिण्याची मुभा आली आणि प्रात्यक्षिकालाही स्थान मिळाले. तीस वर्षे चाललेला तो कार्यक्रम २००२ मध्ये शासनाने बंद केला. शिक्षकाची तयारी असली तरी शासनाच्या पाठबळावाचून असे प्रयत्न टिकत नाहीत, हा त्याचा दुसरा धडा.

म्हणून आठवड्यातून दोन सलग तासिका, क्षेत्रनोंदींच्या वहीला भरीव गुण आणि शिक्षकाला कारकुनी कामातून सवड, एवढे तरी शासनाने द्यावे. न्यायालयाने विषय सक्तीचा केला. तो जिवंत करण्याचे काम मात्र कोणत्याही निकालपत्राने होणारे नाही.