नव्वदीतही पायांत बळ येते

साठी-पासष्टी उलटली की घराघरांतून काही वाक्ये हमखास ऐकू येऊ लागतात. ‘आता वय झालं, स्वस्थ बसा.’ ‘तांब्या मी आणून देते, तुम्ही उठू नका.’ ‘या वयात कसला व्यायाम करता?’ ही वाक्ये मायेपोटी बोलली जातात, यात शंका नाही. थकल्या जिवाला आराम मिळावा, एवढाच त्यामागचा हेतू असतो. परंतु गेल्या तीस-पस्तीस वर्षांत वार्धक्यावर जे शास्त्रीय संशोधन झाले, त्यातून निराळीच गोष्ट पुढे आली आहे. म्हातारपणी येणाऱ्या अशक्तपणात वयाचा वाटा असतोच, पण शरीर न वापरण्याचा वाटाही फार मोठा असतो. आणि न वापरल्यामुळे गेलेले बळ बऱ्याच अंशी परत मिळवता येते. हे संशोधन काय सांगते आणि त्याचा आपल्या घरातील आजी-आजोबांना कसा उपयोग होईल, ते आज पाहू.

स्नायू का झिजतात?

आपण उठतो, बसतो, चालतो, वजन उचलतो ते स्नायूंच्या जोरावर. ऐन तारुण्यात स्नायू भरीव असतात. पुढे ते हळूहळू कमी होऊ लागतात आणि पन्नाशीनंतर ही घट दरवर्षी साधारण एक टक्क्याच्या आसपास होत राहते. ताकद तर त्याहूनही वेगाने उतरते. वजनकाट्यावर हे कळत नाही, कारण गेलेल्या स्नायूंची जागा पुष्कळदा चरबी घेते. वजन तेवढेच राहते, पण जिना चढताना कठड्याचा आधार लागू लागतो.

याला ‘सार्कोपेनिया’ असे नाव आहे. ग्रीक भाषेतील ‘मांस’ आणि ‘उणीव’ अशा अर्थाच्या दोन शब्दांवरून हे नाव अमेरिकेतील डॉ. अर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ च्या सुमारास सुचविले. तोपर्यंत ‘म्हातारपण म्हणजे असे होणारच’ एवढेच म्हणून हा विषय सोडून दिला जात असे.

स्नायूंमध्ये मुख्यतः दोन प्रकारचे तंतू असतात. काही संथ पण दीर्घकाळ काम करणारे, तर काही झटक्यात जोर लावणारे. वयाबरोबर जास्त झिजतात ते दुसऱ्या प्रकारचे. ओल्या फरशीवर पाय घसरला तर क्षणार्धात तोल सावरण्याचे काम याच तंतूंचे असते. म्हणून तरुण माणूस अडखळतो आणि सावरतो, तर वृद्ध माणूस अडखळतो आणि पडतो. त्या पडण्यातून खुब्याचे हाड मोडले की पुढची कहाणी बहुतेक घरांना ठाऊक असते. ऑपरेशन, मग महिनोन्‌महिने अंथरूण, आणि पूर्वीसारखे चालणे पुष्कळांना पुन्हा जमत नाही.

दहा दिवसांची विश्रांती काय करते?

आराम हा नेहमीच औषधी असतो असे नाही. अमेरिकेत एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. सरासरी ६७ वर्षे वयाच्या, प्रकृतीने ठणठणीत अशा बारा जणांना दहा दिवस अंथरुणात पडून राहण्यास सांगितले. त्यांना कोणताही आजार नव्हता आणि खाणे-पिणे व्यवस्थित होते. तरीही दहा दिवसांत त्यांच्या पायांतील चरबीविरहित वजन, म्हणजे मुख्यतः स्नायूच, जवळजवळ एक किलोने घटले. पायांची ताकद सुमारे १६ टक्क्यांनी उतरली.

निरोगी माणसाची ही गत, तर तापाने किंवा ऑपरेशनने आधीच खंगलेल्या वृद्धाचे काय होत असेल, याची कल्पना करावी. ‘आजारातून उठले, पण पायातले त्राणच गेले’ असे जे आपण म्हणतो, त्यामागे आजाराइतकेच हे पडून राहणेही असते.

बॉस्टनचा प्रयोग

आता आशेची बाजू पाहू. अमेरिकेतील बॉस्टन शहरात वृद्धांची शुश्रूषा करणारी एक जुनी संस्था आहे. तेथील रहिवाशांवर डॉ. मारिया फियातारोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. त्याचा अहवाल १९९० मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आला. प्रयोगात दहा जण होते, त्यांचे सरासरी वय ९० वर्षे. ही मंडळी काही पहिलवान नव्हती. दुसऱ्यांच्या देखरेखीखाली राहणारी, अंगाने खचलेली, नाना दुखण्यांनी ग्रासलेली माणसे होती.

त्यांना व्यायाम दिला तो मात्र हलकाफुलका नव्हता. खुर्चीत बसून, पायाने वजन उचलत गुडघा सरळ करायचा. एखाद्याला एका वेळी जास्तीत जास्त दहा किलो उचलता येत असेल, तर त्याने आठ किलो उचलायचे. सुरुवात कमी वजनाने करून थोड्याच दिवसांत या पातळीवर यायचे. एका वेळी आठदा, अशी तीन आवर्तने, आठवड्यातून तीन दिवस. आठ आठवडे हा क्रम चालला.

दहांपैकी नऊ जणांनी तो पूर्ण केला. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे पूर्वीच्या पावणेतीन पटींच्या आसपास गेली. मांडीचे स्नायू ९ टक्क्यांनी भरले. एका पावलापुढे दुसरे पाऊल टेकवत चालण्याचा वेग ४८ टक्क्यांनी सुधारला. दोघांनी तर हातातली काठी सोडली.

स्नायू नऊच टक्के वाढले, मग ताकद एवढी कशी वाढली, असा प्रश्न चाणाक्ष वाचकाला पडेल. त्याचे उत्तर मज्जातंतूंमध्ये आहे. स्नायूतील तंतूंना ‘कामाला लागा’ हा हुकूम मज्जातंतूंकडून मिळतो. बसून राहणाऱ्या माणसाचे पुष्कळसे तंतू जागच्या जागी सुस्त पडलेले असतात. व्यायाम सुरू होताच पहिल्या काही आठवड्यांत या तंतूंना जाग येते. स्नायू प्रत्यक्ष भरण्याचे काम त्यामागून, सावकाश होते. म्हणून आरसा काही सांगत नसला, तरी खुर्चीतून उठणे महिनाभरातच सोपे वाटू लागते.

या प्रयोगाचा आणखी एक धडा आहे. व्यायाम थांबवल्यावर चारच आठवड्यांत ताकद ३२ टक्क्यांनी उतरली. तेव्हा एकदा मिळवलेले बळ पुढेही सांभाळावे लागते.

नुसत्या टॉनिकने काय होते?

आपल्याकडे अशक्तपणा वाटला की टॉनिकची बाटली किंवा ‘ताकदीचे इंजेक्शन’ मागण्याची सवय आहे. त्याच संशोधकांचा दुसरा, मोठा प्रयोग १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. या वेळी शंभर वृद्ध होते, वय ७२ ते ९८. त्यांचे चार गट केले. एका गटाला व्यायाम, दुसऱ्याला पौष्टिक पेय, तिसऱ्याला दोन्ही आणि चौथ्याला दोन्हीपैकी काहीच नाही.

दहा आठवड्यांनी पाहिले तेव्हा व्यायाम करणाऱ्यांची ताकद ११३ टक्क्यांनी वाढली होती, न करणाऱ्यांची अवघी ३ टक्क्यांनी. त्यांचा चालण्याचा वेग आणि जिना चढण्याची शक्तीही वाढली. नुसते पौष्टिक पेय घेणाऱ्यांच्या ताकदीत मात्र काही फरक पडला नाही. पोषणाला महत्त्व नाही, असा याचा अर्थ नव्हे. विटा-सिमेंटचा ढीग दारात येऊन पडला तरी गवंडी आल्याशिवाय भिंत उभी राहत नाही, तसेच हे आहे. स्नायूंचे बळ परत आणणारी खात्रीची आणि निर्धोक गोळी शास्त्राला अजून सापडलेली नाही.

असे प्रयोग थोड्या माणसांवर आणि थोडेच दिवस झाले, अशी शंका कोणी काढील. म्हणून अमेरिकेतच आठ केंद्रांवर ७० ते ८९ वयाच्या १,६३५ जणांवर सरासरी अडीच वर्षांहून अधिक काळ पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. एका गटाला चालणे, पायांच्या ताकदीचे आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम दिले, तर दुसऱ्याला आरोग्यविषयक व्याख्याने ऐकवली. ४०० मीटर अंतर आपल्या पायांनी चालणे ज्यांना अशक्य झाले, असे लोक दुसऱ्या गटात ३५.५ टक्के निघाले, तर व्यायामाच्या गटात ३०.१ टक्के. हा फरक चमत्कार म्हणावा असा नाही. पण प्रत्येक शंभरांत पाच माणसे अधिक आपल्या पायांवर राहिली, हा लाभ लहानही नाही.

घरच्या घरी परीक्षा

आपल्या पायांत किती बळ आहे, हे पाहण्याची एक सोपी पद्धत आहे. साध्या उंचीची, हलणार नाही अशी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. हात छातीवर दुमडून घ्यावेत. हातांचा आधार न घेता पाच वेळा उठावे आणि बसावे. घड्याळ कोणीतरी दुसऱ्याने लावावे. पंधरा सेकंदांहून जास्त वेळ लागला, किंवा हात टेकल्याशिवाय उठताच आले नाही, तर पाय अशक्त झाले आहेत असे समजावे. परीक्षेच्या वेळी शेजारी कोणीतरी उभे असावे.

काय करावे?

यासाठी जिममध्ये जाण्याची गरज नाही. आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एखाद-दुसऱ्या दिवसाची विश्रांती देऊन पुढील व्यायाम करता येतील.

१) खुर्चीतून उठणे-बसणे. सुरुवातीला हातांचा आधार घेऊन पाच वेळा, पुढे आधार सोडून दहा वेळा. बसताना धपकन न बसता सावकाश टेकावे.

२) ओट्याला किंवा भिंतीला धरून टाचा उचलणे. चवड्यांवर उभे राहून हळू खाली यावे.

३) भिंतीपासून हातभर दूर उभे राहून, तळवे भिंतीला टेकवून कोपर वाकवणे व सरळ करणे. जमिनीवर जोर काढतात तसेच, पण उभ्याने.

४) पाण्याने भरलेली लिटरची बाटली हातात घेऊन कोपरातून वर-खाली करणे. अशी बाटली सुमारे एक किलोची भरते.

५) ओट्याजवळ उभे राहून, एक हात आधाराला ठेवून, एका पायावर दहा सेकंद उभे राहणे. मग दुसऱ्या पायावर. हा तोल सांभाळण्याचा व्यायाम आहे.

यातली मुख्य गोष्ट म्हणजे सोपे वाटू लागले की थोडे वाढवायचे. स्नायूला किंचित अवघड वाटले तरच तो वाढतो. ‘मी रोज फिरायला जातो, मग हे कशाला?’ असे पुष्कळ जण विचारतात. फिरणे हृदयाला व फुफ्फुसांना उत्तम, ते चालूच ठेवावे. पण सपाट रस्त्यावरच्या फेरीने मांड्यांची व हातांची ताकद फारशी वाढत नाही. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या सूचनांत चालण्यासारख्या व्यायामाबरोबर ताकदीचे व्यायाम आठवड्यातून किमान दोन दिवस आणि वृद्धांसाठी तोल सांभाळण्याचे व्यायाम किमान तीन दिवस सांगितले आहेत.

गुडघेदुखी आहे म्हणून पाय अजिबात न हलवणे हेही चुकीचे आहे. मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्यावरचा ताण हलका होतो आणि दुखणे पुष्कळदा कमी होते. मात्र गुडघा सुजलेला व गरम असेल तर आधी डॉक्टरांना दाखवावे.

ताटात काय हवे?

दात गेले, भूक मंदावली की वृद्धांचे जेवण चहात बुडवलेली पोळी आणि मऊ भात यांवर येऊन ठेपते. पोट भरते, पण स्नायूंना लागणारी प्रथिने मिळत नाहीत. तज्ज्ञांच्या मते वृद्धांनी रोज शरीराच्या दर किलो वजनामागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने घ्यावीत. म्हणजे ५० किलो वजनाच्या आजीबाईंना ५० ते ६० ग्रॅम. एक अंडे, पेलाभर दूध, मूठभर शेंगदाणे किंवा वाटीभर घट्ट वरण यांतल्या प्रत्येकातून साधारण सहा-सात ग्रॅम मिळतात. पातळ आमटीऐवजी घट्ट वरण, भाताबरोबर पिठले, दाण्याचे कूट, दही, उसळ, आणि खात असल्यास अंडी व मासे, असे दिवसभरात थोडे थोडे प्रत्येक जेवणात असावे. चावता येत नसेल तर उसळ मऊ शिजवून घोटून द्यावी. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

ही खबरदारी घ्या

हृदयविकार, काबूत नसलेला रक्तदाब, हर्निया, नुकतेच झालेले ऑपरेशन किंवा मोडलेले हाड असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय व्यायाम सुरू करू नये. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी व्यायाम करू नये. जोर लावताना श्वास कोंडून धरू नये, मोठ्याने आकडे मोजत राहिले की श्वास आपोआप चालू राहतो. छातीत दुखले, धाप लागली, चक्कर आली तर लगेच थांबावे. दुसऱ्या दिवशी स्नायू थोडे ठणकणे स्वाभाविक आहे, परंतु सांध्यात कळ आली तर व्यायाम कमी करावा.

घरच्यांना दोन शब्द

पूर्वी जेवण पाटावर, निजणे जमिनीवर, त्यामुळे दिवसातून कितीदा तरी उठबस घडत असे. आता टेबल-खुर्ची आणि पलंग आले. ज्यांचे गुडघे खरोखर अधू आहेत त्यांच्यासाठी ही मोठीच सोय आहे, पण त्याबरोबर तो नकळत होणारा व्यायाम गेला. त्यात भर म्हणून आपण त्यांच्या हातची कामेही काढून घेतो. भाजी निवडणे, कपड्यांच्या घड्या घालणे, झाडांना पाणी घालणे, कोपऱ्यावरून दूध आणणे ही कामे ज्यांना झेपतात, त्यांना ती करू द्यावीत. वेळ लागेल, तो लागू द्यावा. काळजीच घ्यायची तर न्हाणीघरात धरायला दांडी बसवावी, वाटेतले पायपुसणे सरकणार नाही असे पाहावे, रात्री बारीक दिवा ठेवावा.

आयुष्याची दोरी किती लांब, हे आपल्या हाती नाही. पण शेवटची वर्षे पलंगावर काढायची की अंगणात, हे ठरविण्यात आपला थोडाफार हात नक्कीच आहे. रात्री शौचाला जाताना कोणाला हाक मारावी न लागणे, हे म्हातारपणातले फार मोठे सुख आहे. ते टिकवायचे असेल तर उद्या सकाळी चहा झाल्यावर भिंतीजवळ खुर्ची ठेवा, आणि पाच वेळा उठून बसा. वय सत्तर असो वा नव्वद, उशीर झालेला नाही.