संशोधकाची टिपणे आणि संगणकीय साधनाची निवड

संशोधनग्रंथाची योग्यता लेखकाच्या चिकित्सक बुद्धीवर जशी अवलंबून असते, तशीच ती त्याच्या टिपणांच्या व्यवस्थेवरही अवलंबून असते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ साली डॉ. सु. मं. कत्रे यांच्या नेतृत्वाखाली संस्कृत महाकोशाचे कार्य सुरू झाले. सुमारे १,५०० ग्रंथांतील शब्दप्रयोग कागदी चिठ्ठ्यांवर उतरविण्यात आले आणि चिठ्ठ्यांची संख्या १ कोटीच्या घरात गेली. कोशाचा पहिला भाग १९७६ साली, म्हणजे २८ वर्षांनी, प्रसिद्ध झाला. आरंभीच्या काळात लिहिलेली चिठ्ठी इतक्या कालावधीनंतरही वाचता येत होती. कारण ती वाचण्यास डोळ्यांवाचून दुसरे साधन लागत नव्हते. टिपणांसाठी आज संगणकीय ॲप निवडताना हीच कसोटी प्रथम लावावयास हवी.

चिठ्ठ्यांचा केवळ साठा करणे म्हणजे ज्ञानव्यवस्था नव्हे. जर्मन समाजशास्त्रज्ञ निक्लास लुमान यांनी सुमारे चार दशकांत अंदाजे ९०,००० चिठ्ठ्या लिहिल्या. प्रत्येक चिठ्ठीस त्यांनी स्थिर क्रमांक दिला, आणि एका चिठ्ठीवर दुसरीचा क्रमांक नोंदवून विचारांचे परस्परसंबंध दाखविले. नवा विचार सुचला की तो संबंधित चिठ्ठीच्या मागे शाखाक्रमांक देऊन घालता येई. विषयवार कप्पे आधी ठरविण्याची गरज पडत नसे. आजच्या बहुतेक ॲपांतील परस्परजोडणीची सोय हे तत्त्वतः याच पद्धतीचे यांत्रिक रूप होय. यावरून असे म्हणता येईल की, जोडणीची सोय हे कोणत्याही एका ॲपचे विशेष वैशिष्ट्य मानून त्यावरच निवड करणे योग्य ठरणार नाही. खरा भेद इतरत्र आहे.

तो भेद म्हणजे टिपणे कोठे व कोणत्या स्वरूपात साठविली जातात हा होय. काही ॲपे सर्व मजकूर कंपनीच्या संगणकांवर ठेवतात व वापरकर्त्यास केवळ प्रवेश देतात. २००६ साली सुरू झालेली गूगल नोटबुक ही सेवा २०१२ साली बंद झाली. एव्हरनोट हे या क्षेत्रातील अग्रगण्य ॲप होते. परंतु कंपनीची मालकी बदलल्यानंतर २०२३ च्या अखेरीस तिने विनामूल्य खात्यावर ५० टिपणांची मर्यादा घातली. प्रबंधाचे कार्य पाच-सहा वर्षे चालते. संशोधकाचे अभ्यासजीवन त्याच्या कितीतरी पट असते. इतका काळ एखादी कंपनी आपले धोरण बदलणार नाही, असे गृहीत धरण्यास आधार नाही.

याउलट ऑब्सिडियन हे २०२० साली आलेले ॲप प्रत्येक टिपण संशोधकाच्याच संगणकावर साध्या मजकुराच्या फाइलीत ठेवते. तीत मार्कडाउन ही २००४ पासून प्रचारात असलेली साधी चिन्हपद्धती वापरली जाते. ॲप उद्या नाहीसे झाले तरी फाइल कोणत्याही मजकूर-संपादकात उघडते. मात्र प्रतिलिपी राखण्याची जबाबदारी येथे संशोधकावर येते. एकाच संगणकावरील संग्रह चकती बिघडताच नष्ट होतो, हे विसरता कामा नये.

मराठीतून टिपणे करणाऱ्यास दुसरी कसोटीही लावावी लागते, ती शोधाची. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटांत टंकलेला मजकूर फाँट बदलताच रोमन अक्षरांचा निरर्थक ढीग बनतो. तो प्रथम युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा. परंतु युनिकोडमध्येही 'दुसऱ्या' या शब्दातील अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो: 'ऱ' हा वर्ण घेऊन, किंवा साधा 'र', हलन्तचिन्ह व एक अदृश्य जोडचिन्ह घेऊन. डोळ्यांस दोन्ही रूपे सारखीच दिसतात. यंत्रास मात्र ती भिन्न वाटतात, आणि एका रूपाचा शोध दुसऱ्यापर्यंत पोहोचत नाही. सामान्यरूपाचीही अडचण आहे. 'किल्ला' शोधल्यास 'किल्ल्याची' असलेले टिपण निसटते. 'किल्ल' एवढाच अंश शोधल्यास दोन्ही सापडतात. १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांपूर्वीचे ग्रंथ अभ्यासणाऱ्याने मूळ उतारा 'कांहीं', 'नाहीं' असाच उतरवावा, आणि त्याखाली आजच्या लेखनातील शोधशब्द स्वतंत्रपणे नोंदवावेत.

तिसरी कसोटी संदर्भाची. ग्रंथनाम, आवृत्ती व पृष्ठांक यांवाचून टिपणाचे मोल उरत नाही. हे कार्य २००६ साली जॉर्ज मेसन विद्यापीठात निर्माण झालेल्या झोटेरो या विनामूल्य साधनाकडे सोपवावे व विचारटिपणांत त्याचा निर्देश करावा. एकाच ॲपकडून सर्व कामांची अपेक्षा ठेवू नये. हस्तलिखित आकृत्यांसाठी वननोट आणि अनेकांनी मिळून भरावयाच्या तक्त्यांसाठी नोशन सोयीचे आहे; पण त्यांतील मजकूर नियमितपणे बाहेर काढून ठेवणे आवश्यक होय.

निवड करण्यापूर्वी एक साधा प्रयोग करावा. प्रत्यक्ष अभ्यासातील वीस टिपणे ॲपमध्ये लिहावीत, त्यांतील पाच मराठी शब्द शोधून पाहावेत, नंतर सर्व टिपणे बाहेर काढून ती दुसऱ्याच साधनात उघडावीत. मजकूर, जोडण्या व संदर्भ यांपैकी जे या स्थलांतरात गळून पडेल, ते संशोधकाच्या मालकीचे नव्हते असे समजावे. वीस टिपणांवर कळून आलेली ही हानी अल्प असते. पाच हजार टिपणांनंतर ती भरून काढणे दुष्कर होते.