चौथ्या क्वार्टरची माणसं

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये मोठ्या सामन्याच्या आठवड्यात एका कागदावर चाहत्यांच्या उड्या पडतात. त्याला डेप्थ चार्ट म्हणतात. डावीकडे जागेचं नाव: क्वार्टरबॅक, लेफ्ट टॅकल, कॉर्नरबॅक. त्यापुढे पहिल्या फळीतला खेळाडू, त्याची उंची, वजन आणि कॉलेजातलं वर्ष. खाली दुसऱ्या फळीतला. कुठे दोन नावांच्या मधे नुसतं ‘किंवा’ छापलेलं असतं. म्हणजे प्रशिक्षकाचं अजून ठरलेलं नाही, किंवा ठरलंय पण समोरच्याला कळू द्यायचं नाही. एवढाच हा रुक्ष कागद, आणि तरी तो नीट वाचणाऱ्याला सामना सुरू होण्याआधीच चौथ्या क्वार्टरमध्ये, म्हणजे शेवटच्या पंधरा मिनिटांत, कोण कोलमडेल याचा माग लागतो. मला यातलं खरं आश्चर्य हे वाटतं की तो माग बहुतेक वेळा पहिल्या ओळीत नसतो. तो दुसऱ्या ओळीत असतो.

हा फुटबॉल पायाने खेळायचा नव्हे. लांबट चेंडू, हेल्मेट, खांद्यांवर पॅड, दोन्ही बाजूंना अकरा-अकरा माणसं आणि दर चालीला समोरासमोर धडक. आक्रमणाचे अकरा वेगळे, बचावाचे अकरा वेगळे. किक मारताना आणि अडवताना मैदानात उतरणारी पथकं आणखी वेगळी. एका सामन्यात एका संघाचं आक्रमण साधारण साठ-सत्तर चाली खेळतं आणि दोन चालींच्या मधे कितीही माणसं बदलता येतात. क्रिकेटमध्ये बारावा खेळाडू आत आला तरी एरवी त्याच्या हाती ना बॅट येते ना गोलंदाजी. इथे मात्र राखीव खेळाडू हा दर पाच मिनिटांनी लागणारा माणूस आहे.

अशी मुभा पूर्वी नव्हती. तेच अकरा जण आक्रमणही करत आणि बचावही. महायुद्धाच्या काळात माणसांची चणचण झाली, म्हणून १९४१मध्ये बदलीचे नियम सैल झाले. १९४५च्या ऑक्टोबरमध्ये मिशिगनचे प्रशिक्षक फ्रिट्झ क्रिसलर यांच्यासमोर न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये उभा होता आर्मीचा बलाढ्य संघ. क्रिसलर यांच्याकडे बरीचशी कोवळी पोरं. त्यांनी संघाचे दोन भाग केले, एक फक्त आक्रमणाला, दुसरा फक्त बचावाला, म्हणजे निदान दमसास तरी टिकेल. मिशिगन २८-७ असं हरलं, पण ती युक्ती खेळाला कायमची चिकटली. मधे १९५३मध्ये ती नियमाने बंद झाली आणि साठच्या दशकात परतली. आज कॉलेजचा संघ शंभरावर माणसांचा असतो, त्याचं मूळ या टंचाईत आहे.

माणसं किती ठेवायची यालाही इतिहास आहे. १९७३पर्यंत शिष्यवृत्त्यांवर राष्ट्रीय मर्यादाच नव्हती. श्रीमंत कॉलेजं गुणी पोरं केवळ प्रतिस्पर्ध्याला मिळू नयेत म्हणून गोळा करून बाकावर बसवतात, अशी तक्रार तेव्हा होत असे. मग १०५, पुढे ९५ आणि १९९२पासून ८५ शिष्यवृत्त्या असा आकडा उतरत गेला. २०२५च्या न्यायालयीन तडजोडीनंतर शिष्यवृत्तीची मर्यादा गेली आणि तडजोड स्वीकारणाऱ्या कॉलेजांना संपूर्ण संघच १०५ जणांपर्यंत ठेवण्याची अट आली.

आता प्रतिस्पर्ध्याचा कागद समोर आहे असं समजा. सुरुवात कुठून करायची? नवखा माणूस चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकपासून करतो. मुरलेला माणूस धडकेच्या रेषेकडे जातो, आणि तिथेही दोन बाजूंना दोन वेगळे प्रश्न विचारतो.

आक्रमणाच्या रेषेत पाच अवाढव्य माणसं असतात आणि ती सहसा बदलत नाहीत. त्या पाचांचं पाऊल एका ठेक्यात पडावं लागतं. शेजारचा कधी सरकणार हे न बघता कळावं लागतं. चाल कुठे जाणार हेही त्यांना आधीच ठाऊक असतं, त्यामुळे त्यांची धावपळ मोजकी. इथे विचारायचं एवढंच: सहावा कोण? पाचांपैकी एक लंगडत बाहेर गेला तर एकच माणूस आत येतो, की त्याला जागा करून देण्यासाठी आतल्या दोघांना सरकावं लागतं? एका दुखापतीने तीन जागा हलत असतील, तर ती रेष कागदावर दिसते त्यापेक्षा बरीच कच्ची आहे.

बचावाच्या रेषेचं उलट. त्यांना चाल ठाऊक नसते. दीडशे किलोच्या माणसाला ढकलून वाट काढायची, चेंडू कुठे गेला ते शोधायचं आणि मग त्यामागे पळायचं. पाच-सहा चालींत छाती भात्यासारखी हलू लागते. म्हणून इथे चार जागांसाठी किती माणसं आलटून पालटून उतरवता येतात ते मोजतात. आठ भरवशाचे असतील तर तो संघ शेवटच्या क्वार्टरमध्ये ताजा असतो. पाचच असतील तर तिसऱ्या क्वार्टरच्या अखेरीस त्यांचे हात कमरेवर जातात आणि समोरचा प्रशिक्षक मुद्दाम भराभर चाली खेळवून त्यांना बदलीची उसंतच देत नाही.

पण दुसऱ्या ओळीतलं नाव भरवशाचं आहे हे ठरवायचं कसं? वजन सांगतं, पण थोडंच. कॉलेजातलं वर्ष सांगतं, पण फसवतंही. नावापुढे कधी ‘रेडशर्ट’ असतं, म्हणजे त्या मुलाने एक वर्ष जवळपास न खेळता सरावात, व्यायामशाळेत आणि जेवणाच्या ताटावर घालवलेलं आहे. पाच वर्षांत चार हंगाम खेळण्याची ती सोय. २०१८पासून असं वर्ष राखूनही चार सामने खेळता येऊ लागले, आणि त्यामुळे राखीव पोरांना थोडं थोडं उतरवून पाहण्याची प्रशिक्षकांना चांगलीच सोय झाली.

खरी साक्ष मिळते चित्रफितीतून. प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर आपला माणूस आधीच पाठवून हेरगिरी करायला १९९४पासून मनाई आहे. २०२३मध्ये मिशिगनवर नेमका याच कारणाने मोठा गहजब झाला होता. म्हणून सगळी भिस्त उंचावरून घेतलेल्या, बावीसही खेळाडू दिसतील अशा फितीवर. तिच्यात शोधायचे ते एकतर्फी सामने. गुणफलक ४५-३ झाला की सामान्य प्रेक्षक उठून जातो, विश्लेषक सरसावून बसतो, कारण आता प्रतिस्पर्ध्याची दुसरी फळी मैदानात आलेली असते. आणि त्याहून मोलाची असते ती फीत जिच्यात पहिल्या फळीतला कुणी अचानक बाहेर गेला आणि सामना अजून अटीतटीचा आहे.

अशी एक फीत २०२१च्या नोव्हेंबरात अलाबामाने जगासमोर ठेवली होती. त्यांच्याकडे त्या वर्षी चेंडू झेलणारे दोन अफलातून खेळाडू होते, जेमसन विल्यम्स आणि जॉन मेची. दोघांनीही हंगामात हजारावर यार्ड काढले, विल्यम्सने तर पंधराशेवर. २७ नोव्हेंबरला ऑबर्नशी पारंपरिक लढत होती. दुसऱ्या क्वार्टरमध्ये विल्यम्सला धोकादायक धडकेबद्दल पंचांनी बाहेर काढलं. त्यानंतर अलाबामाचं ते नावाजलेलं आक्रमण पाहावत नव्हतं. तीन क्वार्टर संपले तरी खात्यात शून्य. शेवटच्या अर्ध्या मिनिटात जा-कोरी ब्रुक्स या पहिल्या वर्षाच्या पोराने टचडाऊनचा, म्हणजे समोरच्याच्या शेवटच्या पट्ट्यातला, झेल घेतला, १०-१० बरोबरी झाली आणि चार जादा डावांनंतर अलाबामा २४-२२ असं जिंकलं.

जिंकल्यामुळे बहुतेकांनी तो सामना शौर्यकथा म्हणून लक्षात ठेवला. पण फीत वेगळंच सांगत होती: यांच्या पहिल्या दोन झेलकऱ्यांच्या मागे अनुभवाची मोठी पोकळी आहे.

आठवड्याभराने, ४ डिसेंबरला, अलाबामाने जॉर्जियाला ४१-२४ असं धुतलं. त्याच सामन्यात मेचीचा गुडघा गेला. चेंडू घेऊन धावणाऱ्या हाफबॅकच्या जागी दोन राखीव आधीच जायबंदी होते. आणि १० जानेवारी २०२२ला इंडियानापोलिसमध्ये हेच दोन संघ राष्ट्रीय विजेतेपदासाठी पुन्हा समोरासमोर आले, तेव्हा अलाबामाचे नेहमीचे दोन्ही कॉर्नरबॅकही खेळण्याच्या स्थितीत नव्हते. पहिल्या ओळीवर अजूनही वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूची हाइझमन ट्रॉफी जिंकलेला क्वार्टरबॅक ब्राइस यंग होता. खालच्या ओळींना मात्र भोकं पडत चालली होती.

दुसऱ्या क्वार्टरमध्ये विल्यम्सने ४० यार्डांचा झेल घेतला आणि त्याच चालीत त्याचा गुडघा दुखावला. आता दोघेही बाहेर. यंगने त्या रात्री ५७ वेळा चेंडू फेकला, संघाला आघाडीही मिळवून दिली, पण टचडाऊन एकच निघाला.

समोर जॉर्जियाच्या बचावाची रेष होती, आणि माझ्या मते कॉलेज फुटबॉलमध्ये बाकावरची श्रीमंती म्हणजे काय हे इतकं स्वच्छ क्वचितच दिसलं असेल. मधोमध जॉर्डन डेव्हिस, ३४१ पौंड, म्हणजे सुमारे १५५ किलो. एवढा भारी माणूस प्रशिक्षक कर्बी स्मार्ट बऱ्याच सामन्यांत निम्म्याहून कमी चालींना उतरवत. कारण त्यांना ते परवडत होतं. डेव्हिस बसला की उठायचा तोही तोलामोलाचाच. त्या फळीतल्या, नेहमी सुरुवात न करणाऱ्या जेलन कार्टरने तिसऱ्या क्वार्टरमध्ये अलाबामाची फील्ड गोलची किक हाताने अडवली, आणि त्यानंतर जॉर्जियाचा पहिला टचडाऊन आला. पुढच्या एप्रिलमध्ये व्यावसायिक संघांनी जॉर्जियाच्या बचावातले पाच जण वार्षिक निवडीच्या पहिल्याच फेरीत उचलले. कार्टर तेव्हा अजून कॉलेजातच होता. तो त्यापुढच्या वर्षी नवव्या क्रमांकावर गेला.

चौथ्या क्वार्टरमध्ये जॉर्जियाने २० गुण काढले आणि सामना ३३-१८ असा संपला. १९८०नंतरचं त्यांचं पहिलं विजेतेपद. आघाडी परत मिळवून देणारा ४० यार्डांचा झेल अडोनाय मिचेलचा. पुढचा टचडाऊन ब्रॉक बॉवर्सचा. दोघेही पहिल्या वर्षाची पोरं.

इथे मी दरवेळी थबकतो. कागदावर ‘फ्रेशमन’ हा शब्द दोन्ही संघांच्या नावांपुढे सारखाच छापलेला होता. अलाबामाच्या बाबतीत तो कच्चेपणाची खूण ठरला, जॉर्जियाच्या बाबतीत नाही. फरक सप्टेंबरात पडला होता. जॉर्जियाचा सर्वोत्तम झेलकरी जॉर्ज पिकन्स याचा गुडघा वसंतातच गेला होता, इतरही काही जण अधूनमधून जायबंदी होते. त्यामुळे मिचेलला हंगामभर खेळावंच लागलं. जानेवारीपर्यंत तो नावापुरताच नवखा राहिला होता, आणि तोवर पिकन्सही परतला होता. अंतिम सामन्यात त्याने ५२ यार्डांचा झेल घेतला. ज्या दुखापतींनी सप्टेंबरात संघ उघडा पडला, त्यांनीच जानेवारीसाठी एक जादा माणूस घडवला. अलाबामाचे दोघे मात्र जवळजवळ शेवटपर्यंत धडधाकट राहिले, म्हणून त्यांच्या मागच्यांना कठीण वेळेची सवय व्हायला संधीच मिळाली नाही. प्रतिस्पर्ध्याचे जुने जखमी कोण होते हे शोधणं म्हणूनच आजच्या जखमींच्या यादीइतकं महत्त्वाचं.

अर्थात कागद आणि फीत दोन्ही थिटी पडतात असेही दिवस येतात. २०१४मध्ये ओहायो स्टेटचा पहिला क्वार्टरबॅक ऑगस्टमध्ये जायबंदी झाला, दुसऱ्याचा घोटा नोव्हेंबरअखेर मोडला. तिसरा, कार्डेल जोन्स, कॉलेजातला पहिला सामना सुरुवातीपासून खेळला तो थेट बिग टेन या साखळीच्या अजिंक्यपदाचा. विस्कॉन्सिनविरुद्ध निकाल ५९-०. मग अलाबामा, मग ओरेगन, आणि राष्ट्रीय विजेतेपद. विस्कॉन्सिनच्या विश्लेषकांनी कितीही रात्री जागवल्या असत्या तरी जोन्सची अटीतटीची फीत त्यांना फारशी मिळाली नसती, कारण ती जवळजवळ अस्तित्वातच नव्हती.

आता हे सगळं आणखी प्रवाही झालंय. ऑक्टोबर २०१८मध्ये ट्रान्सफर पोर्टल सुरू झालं आणि २०२१पासून खेळाडूला एकदा कॉलेज बदलून लगेच खेळता येऊ लागलं. पुढे तर कितीही वेळा. त्यामुळे बाकावर गुणी माणूस फार काळ साठवून ठेवता येत नाही. शिवाय पैजांच्या धंद्यामुळे खेळाडूंवर दुखापतींच्या बातमीसाठी दबाव येऊ लागला, म्हणून एसईसी या साखळीने २०२४पासून कोण खेळू शकेल याची यादी साखळीतल्या सामन्याच्या तीन दिवस आधीपासून रोज आणि शेवटची सुरुवातीच्या नव्वद मिनिटं आधी जाहीर करण्याचा नियम केला.

विल्यम्सची पूर्वकथा कॉलेज बदलण्याच्या त्या मुभेआधी कुणाला सांगितली असती तर पटली नसती. तो आधी ओहायो स्टेटमध्ये होता. तिथे गॅरेट विल्सन, ख्रिस ओलावे आणि जॅक्सन स्मिथ-एन्जिग्बा यांच्या गर्दीत त्याला चेंडू पुरेसा मिळेना, म्हणून २०२१मध्ये तो अलाबामाला आला आणि एका हंगामात त्यांचा अपरिहार्य माणूस झाला. एप्रिल २०२२च्या व्यावसायिक निवडीत विल्सन दहावा गेला, ओलावे अकरावा, आणि गुडघ्यावर शस्त्रक्रिया झालेला विल्यम्स बारावा.